पाणी वाचवणारी योजनाच पाणी उपसते तेव्हा: या चुका टाळा

शेततळ्यामागची कल्पना सरळ होती. शेतावरून वाहून जाणारा पाऊस खड्ड्यात अडवायचा आणि पावसाने ताण दिला की पिकाला एखादं संरक्षित पाणी द्यायचं. 2016 मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ आणलं, ते याच हिशेबाने. पण दुष्काळी पट्ट्यात कित्येक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचं अस्तर लागलं आणि विहिरी-बोअरचं पाणी उपसून ते भरलं जाऊ लागलं. द्राक्ष-डाळिंबाची बाग उन्हाळा काढते, हे खरं. मात्र जमिनीच्या पोटात सुरक्षित असलेलं पाणी उघड्यावर येऊन वाफ होतं, आणि आधी आटते ती शेजारची विहीर. तिच्या मालकाने ना अर्ज केलेला, ना अनुदान घेतलेलं.

यात शेतकऱ्याला हावरट ठरवणं मला पटत नाही. बागेवर कर्ज असलेला माणूस ढगांकडे बघत तळं रिकामं कशाला ठेवेल? आखणी करणाऱ्याने तळं कसं वापरावं हे लिहिलं. कसं वापरलं जाईल, हे बागायतदाराच्या जागी बसून पाहिलं नाही. पहिली चूक ही, आणि सर्वांत महागही.

दुसरी चूक एकरी हिशेबाची. ठिबकने एकरी पाणी कमी लागतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर ऊस उभा राहिला, तर विहिरीला काय फरक पडला? इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी 1865 मध्येच कोळशाबद्दल हे दाखवलं होतं: इंजिन काटकसरी झालं की कोळशाचा एकूण खप वाढतो. तेव्हा मोजायचा तो अख्ख्या गावाचा उपसा.

तिसरी सौरपंपाची. डिझेलचा खर्च जाचक होता, पण उपशाला लगामही तोच होता. तो काढताना दुसरा बसवायला हवा. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडीत शेतकऱ्यांची सहकारी संस्था 2016 पासून उरलेली सौरवीज वीज कंपनीला विकते. पंप बंद ठेवण्यालाही तिथे पैसे मिळतात.

योजना आधीच भरकटली असेल, तर किती तळी झाली हे मोजणं थांबवा आणि मे महिन्यात आसपासच्या विहिरींची पातळी घ्या. तळी भरलेली, विहिरी कोरड्या, असं दिसलं की दोष कुठे ते कळतं. मग ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद, म्हणजे गावात पाणी किती आहे आणि लागणार किती याचा हिशेब, मांडा. हिवरे बाजारात पिकं त्यावरूनच ठरतात, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे.