युरोपातल्या शाळांची तुलना: देशाच्या नावाआधी मुलाची जन्मतारीख लिहा

'युरोपातलं शालेय शिक्षण' अशी एकच एक गोष्ट अस्तित्वात नाही. युरोपीय संघाच्या कार्यपद्धतीविषयक कराराचं कलम १६५ अभ्यासक्रम आणि शिक्षणाची रचना सदस्य देशांच्याच हाती ठेवतं. १९९९ च्या बोलोन्या प्रक्रियेमुळे विद्यापीठांच्या पदव्या एका चौकटीत आल्या. त्यावरून शाळाही एकसारख्या झाल्या असतील असं अनेकांना वाटतं, पण शाळांचा त्या प्रक्रियेशी संबंध नाही.

शिवाय तुलनेसाठी 'देश' हे मापही बरेचदा कामाचं नसतं. जर्मनीत शिक्षण १६ राज्यांच्या अखत्यारीत आहे, बेल्जियममध्ये तीन भाषिक समुदायांच्या आणि स्वित्झर्लंडमध्ये कँटनांच्या. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या तर चार स्वतंत्र व्यवस्था. त्यामुळे तुलनेचा तक्ता करताना 'जर्मनी' न लिहिता 'बव्हेरिया' किंवा 'बर्लिन' लिहा, आणि 'ब्रिटन' हा शब्द तक्त्यातून काढूनच टाका.

मग तक्ता भरायला घ्या, पण सुरुवात मुलापासून करा.

इयत्तेच्या आकड्यावर जाऊ नका

उदाहरणासाठी २० नोव्हेंबर २०१६ ला जन्मलेलं मूल धरू. शैक्षणिक वर्ष २०२६–२७ मध्ये ते कुठल्या वर्गात बसेल?

इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा जन्मगट धरतात, म्हणून ते 'इयर ५' मध्ये असेल. स्कॉटलंडमध्ये गट मार्च ते फेब्रुवारी असा असतो. तिथे पालकांनी प्रवेश वर्षभर पुढे ढकलला नसेल, तर ते 'प्रायमरी ६' मध्ये असेल. फ्रान्स कॅलेंडर वर्ष धरतो. तिथे ते 'सेएम२' मध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात असेल. जर्मनीत वयाची मुदत राज्यागणिक ३० जून ते ३० सप्टेंबरच्या दरम्यान येते. नोव्हेंबरचं मूल ती सगळीकडेच चुकवतं, म्हणून ते चौथीत असेल. फिनलंड आणि पोलंडमध्ये सातवं वर्ष पूर्ण होतं त्या वर्षी पहिलीत घेतात, त्यामुळे तिथेही चौथी. नेदरलँड्समध्ये तर बहुतेक मुलं चौथ्या वाढदिवसानंतर लगेच, वर्षाच्या मध्येच शाळेत येतात. पुढच्या गटात कधी सरकवायचं ते शाळा ठरवते.

हेच मूल तीन महिने आधी, २० ऑगस्टला जन्मलेलं असतं तर? इंग्लंडमध्ये ते एक वर्ग पुढे आणि वर्गातल्या सर्वांत लहान मुलांपैकी असतं. फ्रान्स किंवा फिनलंडमध्ये वर्ग तोच राहिला असता. जर्मनीत उत्तर राज्यावर अवलंबून. म्हणून तक्त्यात तीन रकाने करा: १ सप्टेंबरला मुलाचं वय, त्या ठिकाणचा वर्ग, आणि औपचारिक वाचन शिकवायला सुरुवात होऊन झालेली वर्षं. तिसरा रकाना सहसा राहून जातो, पण महत्त्वाचा तोच आहे. इंग्लंडमध्ये चार वर्षांच्या मुलांना 'रिसेप्शन' वर्गातच अक्षर-ध्वनी शिकवतात. फिनलंडमध्ये सहाव्या वर्षीचा पूर्वप्राथमिक वर्ग २०१५ पासून सक्तीचा असला, तरी शिस्तशीर वाचन-लेखन पहिलीत सुरू होतं. सात वर्षांची ही दोन मुलं शेजारी बसवली, तर एक 'पुढे' आणि एक 'मागे' दिसणारच. त्यावरून शाळेबद्दल निष्कर्ष काढू नका.

वर्गांच्या नावांचाही गोंधळ होतो. फ्रान्समध्ये कोलेजची, म्हणजे निम्न माध्यमिक शाळेची, चार वर्षं सहावी, पाचवी, चौथी, तिसरी अशी उलटी मोजतात. अशा वेळी युनेस्कोच्या 'इस्सेड' पातळ्या उपयोगी पडतात: ० पूर्वप्राथमिक, १ प्राथमिक, २ निम्न माध्यमिक, ३ उच्च माध्यमिक. युरिडाइस हे युरोपीय जाळं प्रत्येक व्यवस्थेची आकृती या पातळ्यांसह प्रसिद्ध करतं. तीत आधी वयाची पट्टी शोधा आणि वर्गांची नावं नंतर वाचा.

फाटा कुठे फुटतो

दोन व्यवस्थांमध्ये खरा फरक एकाच गोष्टीने पडतो: मुलांची वेगवेगळ्या वाटांवर विभागणी कोणत्या वयात होते, ती कोण करतं, आणि नंतर वाट बदलता येते का. बाकी सगळं यानंतर.

जर्मनीच्या बहुतेक राज्यांत आणि ऑस्ट्रियात चौथीनंतर, साधारण दहाव्या वर्षी विभागणी होते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची आहे. नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गमध्ये वय बाराच्या आसपास, इटलीत चौदा, फ्रान्स आणि पोलंडमध्ये पंधरा. फिनलंडमध्ये नऊ वर्षांची एकसंध 'पेरुसकोउलू' संपेपर्यंत, म्हणजे सोळाच्या आसपास, सगळी मुलं एकत्र शिकतात.

आपलं नोव्हेंबरचं मूल बव्हेरियात असेल, तर २०२६–२७ हेच त्याचं निर्णायक वर्ष. चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. मेच्या सुरुवातीला संक्रमण प्रमाणपत्र मिळतं. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी असल्याने सरासरी २.३३ किंवा त्याहून कमी असेल तर विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियुम, २.६६ पर्यंत असेल तर मधल्या पातळीची रेआलशुले, आणि त्यापलीकडे व्यवसायाकडे नेणारी मिटेलशुले. सरासरी थोडक्यात हुकली तर तीन दिवसांच्या चाचणी-वर्गाला बसता येतं. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलियात मात्र शाळा फक्त शिफारस करते, अंतिम शब्द पालकांचा असतो. एकाच देशात, एकाच वयात, इतका फरक! जानेवारीत नव्याने आलेल्या, जर्मन न येणाऱ्या मुलासाठी हा फरक किती मोठा आहे हे सांगायला नको. अशा कुटुंबाने शहर निवडण्याआधी संक्रमणाचा नियम वाचावा.

नेदरलँड्समध्ये मुलाने कुठल्या शाखेत जावं याचा शिक्षकांचा सल्ला आधी येतो आणि मग चाचणी होते. २०२३–२४ पासून या चाचणीचं नाव 'दोरस्ट्रोमटूट्स' आहे. चाचणीचा निकाल सल्ल्यापेक्षा वरचा आला, तर शाळेला सल्ला वाढवावा लागतो. तसं करणं मुलाच्या हिताचं नसेल, तर शाळेने त्याची कारणं द्यायची. त्यानंतर व्यवसायाभिमुख व्हीएमबीओ चार वर्षं, उपयोजित उच्च शिक्षणाकडे नेणारी हावो पाच, विद्यापीठाकडे नेणारी व्हीडब्ल्यूओ सहा.

नुसतं वय पाहून 'लवकर विभागणी म्हणजे वाईट' असा शिक्का मारू नका. परतीची वाट किती रुंद आहे तेही पाहा. व्हीएमबीओच्या सैद्धांतिक शाखेतून हावोत आणि तिथून व्हीडब्ल्यूओत जाता येतं, फक्त वर्षं जास्त लागतात. बव्हेरियातही रेआलशुलेनंतर फाखओबरशुले या व्यवसायाभिमुख उच्च माध्यमिक शाळेमार्गे उच्च शिक्षणाकडे जाता येतं. अशा वाटेबद्दल दोन प्रश्न विचारा: किती वर्षं वाढतील, आणि कुठला विषय आडवा येईल? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'दुसरी परकी भाषा' असं येतं. बव्हेरियाच्या गिम्नाझियुममध्ये ती सहावीपासून सुरू होते. आठवीत बाहेरून आलेल्या मुलाला गणित जमेल, पण फ्रेंच किंवा लॅटिनची दोन वर्षं भरून काढावी लागतील. प्रवेशाआधीच शाळेला लेखी विचारा की मातृभाषा त्या जागी धरता येईल का.

छुपे फाटेही असतात. कागदावर इंग्लंडमध्ये सोळापर्यंत फाटा नाही. पण केंट किंवा बकिंगहॅमशायरसारख्या भागांत गुणांवर प्रवेश देणाऱ्या ग्रामर शाळांची अकराव्या वर्षीची परीक्षा अजून आहे. इतर ठिकाणी गर्दीच्या शाळेत प्रवेश बरेचदा घर ते शाळा या अंतरावर ठरतो, म्हणजे विभागणी घरभाड्याने होते. फ्रान्समध्येही सरकारी कोलेज पत्त्यावरून मिळतं. स्वीडनमध्ये १९९२ च्या सुधारणेनंतर सरकारी पैशावर चालणाऱ्या खासगी शाळा आल्या. त्यांना फी घेता येत नाही, पण काही शाळांच्या प्रतीक्षा याद्या लांब असतात आणि लवकर नाव नोंदवणाऱ्यांचा फायदा होतो. म्हणून तक्त्यात 'विभागणीचं वय' यासोबत 'विभागणी कशाने होते: गुण, पत्ता, की रांग' असाही रकाना हवा.

सोळानंतर आणखी एक फाटा येतो, विषयांचा. इंग्लंडमध्ये शाळा संपतानाच्या ए-लेव्हल परीक्षेला बहुतेक विद्यार्थी तीनच विषय घेतात. जर्मनीची आबिटुर किंवा फ्रान्सची बाक या शालान्त परीक्षांमध्ये विषयांचा पट रुंद राहतो. पुढे दुसऱ्या देशात शिकायचं असेल, तर हे आधी तपासावं लागतं. ए-लेव्हल घेऊन जर्मन विद्यापीठात जाताना नुसते गुण पुरत नाहीत, विषयांची जुळणीही पाहिली जाते.

गुणांचं रूपांतर: सूत्र कुठे फसतं

जर्मनीत १ ते ६, १ सर्वोत्तम. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्येही १ ते ६, पण ६ सर्वोत्तम आणि ४ ला उत्तीर्ण. पोलंडमध्येही ६ वरची. ऑस्ट्रिया आणि चेकियात १ ते ५, १ वरची. हंगेरीत १ ते ५, ५ वरची. इटलीत १० पैकी ६ ला उत्तीर्ण, फ्रान्समध्ये २० पैकी १० ला. डेन्मार्कची श्रेणी −३, ००, ०२, ४, ७, १०, १२ अशी, आणि ०२ ला उत्तीर्ण. गुणपत्रिकेचं भाषांतर करून घेताना श्रेणीची दिशा आणि उत्तीर्णतेची रेषा त्याच पानावर छापून घ्या. नाहीतर स्विस ५.५ वाचून जर्मन शाळेत भलताच समज व्हायचा.

परदेशी गुण जर्मन श्रेणीत आणायला 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात: सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा. फ्रान्समधले २० पैकी १४ घ्या. २० वजा १४ म्हणजे ६, भागिले १० म्हणजे ०.६, गुणिले ३ म्हणजे १.८, अधिक १ म्हणजे २.८. जर्मन डोळ्यांना २.८ म्हणजे बेताचं. पण बाकमध्ये सरासरी १४ ला 'बियाँ' असा शेरा मिळतो, आणि १६ पासून पुढे तर 'त्रे बियाँ'. फ्रान्समध्ये २० पैकी २० क्वचितच देतात, हे सूत्राला कळत नाही. प्रवेशासाठी सूत्र लागेल तिथे लावा, मुलाची पारख करण्यासाठी लावू नका. वर्गाची सरासरी आणि शिक्षकांचा शेरा मागून घ्या.

पिसाचे आकडे कसे वाचायचे

ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेची पिसा ही चाचणी २००० साली सुरू झाली. ती १५ वर्षं ३ महिने ते १६ वर्षं २ महिने वयाच्या मुलांची, मग ती सातवी किंवा त्यापुढच्या कुठल्याही वर्गात असोत. गणित-विज्ञानाची टिम्स आणि वाचनाची पर्ल्स या चाचण्या मात्र वर्ग धरून घेतात. त्यामुळे या चाचण्यांचे निकाल एका रांगेत मांडू नका.

२०२२ च्या पिसात गणिताची सरासरी एस्टोनिया ५१०, स्वित्झर्लंड ५०८, नेदरलँड्स ४९३, फिनलंड ४८४, जर्मनी ४७५, फ्रान्स ४७४, आणि ओईसीडी सरासरी ४७२. जर्मनी फ्रान्सच्या 'पुढे' आहे असं यातून म्हणता येत नाही. एका गुणाचा फरक नमुन्याच्या चुकीत बुडून जातो. याउलट एकीकडे इंग्लंड ४९२ आणि दुसरीकडे स्कॉटलंड ४७१ व वेल्स ४६६ हा फरक खरा आहे, आणि 'ब्रिटन ४८९' या आकड्यात तो दिसतच नाही. क्रमांक सोडा आणि अहवालातल्या दोन गोष्टी शोधा: सुस्थितीतल्या आणि गरीब घरांतल्या मुलांमधलं अंतर, आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचे गुण. शाळा निवडणाऱ्याला सरासरीपेक्षा हे जास्त सांगून जातं.

शाळेचा दिवस, खर्च, भाषा

'मोफत' या शब्दात काय काय येतं ते विचारा. फिनलंडमध्ये जेवण आणि पुस्तकं येतात. सक्तीचं शिक्षण २०२१ पासून १८ पर्यंत वाढवल्यावर उच्च माध्यमिकची पुस्तकंही आली. इटलीत प्राथमिकची पुस्तकं मोफत आहेत, माध्यमिकची घ्यावी लागतात. फ्रान्समध्ये अनेक प्राथमिक शाळा बुधवारी बंद असतात, तेव्हा त्या दिवशी मूल कुठे असेल ते नोकरी स्वीकारण्याआधी ठरवा. जर्मनीत प्राथमिकच्या मुलांना दिवसभराच्या देखरेखीचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०२६ पासून मिळतो, पण सुरुवातीला फक्त पहिलीला. चौथीपर्यंत तो २०२९ मध्ये पोहोचेल, म्हणजे आपल्या नोव्हेंबरच्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

भाषेसाठी शाळेला विचारा की स्वतंत्र वर्ग आहे की नेहमीच्या वर्गातच मदत मिळते, ती किती महिने मिळते, आणि त्या काळात श्रेणी देतात का. नेदरलँड्समध्ये बारा वर्षांपुढच्यांसाठी 'स्खाकेलक्लास' आहे, फ्रान्समध्ये 'यूपेदेआ' वर्ग आहेत, फिनलंडमध्ये तयारीचं शिक्षण आहे. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी इटलीचा विचार वेगळा करा. १९७७ च्या कायद्यापासून तिथे अशी मुलं नेहमीच्या वर्गात शिकतात आणि जोडीला साहाय्यक शिक्षक असतो. जर्मनीत स्वतंत्र शाळांचं जाळं अजून मोठं आहे.

माहिती कुठल्या वर्षाची आहे तेही पाहा, कारण नियम फार लवकर जुने होतात. पोलंडने २०१७ पासून गिम्नाझियुम (तिथली निम्न माध्यमिक शाळा) बंद करत आठ वर्षांची प्राथमिक शाळा परत आणली. बव्हेरियाचं गिम्नाझियुम पुन्हा नऊ वर्षांचं झालं. इंग्लंडमध्ये शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडने सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना एका शब्दात दर्जा देणं थांबवलं. जुना 'आउटस्टँडिंग' फलक दिसला तर त्याची तारीख वाचा.

शेवटचा रकाना मुदतींचा. नोव्हेंबरच्या मुलासाठी तो असा भरेल: बव्हेरियात मे २०२७ ला प्रमाणपत्र आणि लगेच नावनोंदणी, फ्रान्समध्ये सप्टेंबर २०२७ ला कोलेज, त्याआधी वसंतात पत्त्याचा पुरावा, इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळा सप्टेंबर २०२८ ला, पण अर्ज ३१ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आणि उत्तर १ मार्च २०२८ ला. फिनलंडच्या रकान्यात २०३२ पर्यंत वाट निवडण्याची मुदत नाही.