क्लासिक रॉकसाठी परवडणारा ट्यूब कॉम्बो अ‍ॅम्प कसा निवडायचा

मिरजेत सतार-तंबोऱ्याची जवारी काढताना ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. कारागीर घोडी जरा घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो, आणि एका क्षणी तोच स्वर एकदम भरून यायला लागतो. ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प (कॉम्बो म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात), आणि त्याचा क्रंच, म्हणजे किंचित फाटलेला आवाज, हा तसाच टप्पा, ट्यूबवर जोर यायला लागला की स्वच्छ आवाजात वरचे हार्मोनिक्स मिसळतात. आपल्याला बघायचंय ते हे, की तो टप्पा तुमच्या खोलीत, घरच्यांना चालेल अशा आवाजात येतो का.

म्हणून सगळ्यात आधी वॅट, आणि इथंच बहुतेकांचे पैसे वाया जातात. 50 वॅटचा अ‍ॅम्प 5 वॅटच्या दहापट मोठा वाजत नाही, कानाला साधारण दुप्पटच वाटतो. विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये 50 वॅटचा व्हॉल्यूम तुम्ही एकच्या पुढं नेऊच शकणार नाही, मग पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब, झोपलेल्याच राहतात आणि आवाज पातळ येतो. घरी एकट्यानं वाजवणार असाल तर 5 वॅट भरपूर झाले (खरं तर तेही शेजाऱ्यांना ऐकू जातात), ड्रमरसोबत वाजवायचं असेल तर 15 ते 20. दोन्ही पाहिजे असेल तर पॉवर कमी करायची सोय असलेला बघा, मार्शल ओरिजिन 20 कॉम्बोला 20, 3 आणि अर्धा वॅट असे पर्याय आहेत, लेनी कब 12आरला एक वॅटपेक्षा कमीचं वेगळं इनपुट आहे, आणि बुगेरा व्ही5 वर 5, 1 आणि 0.1 असं बटण आहे.

मग पॉवर ट्यूब कुठली ते बघा. ईएल34 म्हणजे मार्शलवाला जाड, मिडवर जोर असलेला क्रंच. ईएल84 म्हणजे व्हॉक्सची चकाकी, एसी15 मध्ये ह्याच आहेत. फेंडर ब्लूज ज्युनिअरमध्येही ईएल84 च आहेत, पण त्याचा स्वभाव क्लीन आवाजाचा, त्यामुळं सत्तरच्या दशकातला ब्रिटिश रॉक पाहिजे असेल तर पुढं एक ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज फाडणारी पायाखालची डबी) लावावं लागतं. माझं मत विचाराल तर क्लासिक रॉकसाठी चॅनेल आणि इफेक्ट्सच्या गर्दीपेक्षा एकच चांगला चॅनेल आणि मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज ठरवणारा वेगळा नॉब) बास.

स्पीकरकडं लोक बघतच नाहीत, आणि अर्धा टोन तिथंच असतो. 8 इंची स्पीकर छोट्या डब्यात डब्यासारखाच वाजतो, 12 इंची असेल तर खालचा भराव येतो, 10 इंची मधला मार्ग. पैसे थोडेच असतील तर वॅट कमी करा पण स्पीकर मोठा घ्या. फक्त वजन लक्षात असू द्या, एसी15 साधारण 22 किलोचा आहे, तो घेऊन एसटीत चढून बघा म्हणजे कळेल.

ट्रायलसाठी पुण्या-मुंबईला जाणार असाल तर स्वतःची गिटार आणि केबल न्या. पेडल नको, टोनचे सगळे नॉब मधोमध, रिव्हर्ब बंद. आवाज घरच्या लेव्हलला ठेवा, दुकानदार वाढवायला लागला तरी नको म्हणा. ए चा कॉर्ड मारून तो पूर्ण विझेपर्यंत ऐका, शेवटी आवाज मऊ उतरला पाहिजे, फरफर आली तर ट्यूब किंवा स्पीकरमध्ये काहीतरी आहे. मग गिटारचा व्हॉल्यूम 10 वरून 5 वर आणा, क्रंच आपोआप स्वच्छ व्हायला पाहिजे. हे ज्या अ‍ॅम्पला जमतं तो घ्यायचा, मग नाव काही का असेना.

सेकंडहँड घेताना मागचं व्होल्टेजचं लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. अमेरिकेतून कुणी आणलेला 120 व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या 230 च्या सॉकेटला लावला तर तो गेलाच, त्याला नीट क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. अर्थिंगची पिन तोडलेली असेल तर सरळ परत फिरा, ते जिवावरचं काम आहे. आणि ट्यूब बघायच्या म्हणून अ‍ॅम्पचं चासी (आतला सर्किटचा धातूचा डबा) उघडू नका, प्लग काढल्यावरही आत कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात. स्पीकरची वायर काढून चालू करायचा नाही, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ईएल34, ईएल84 आणि सुरुवातीला सिग्नल वाढवणारी छोटी 12एएक्स7 ह्या ट्यूब आजही नव्या मिळतात, त्यामुळं ट्यूब जुन्या आहेत म्हणून घाबरू नका, तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या.

घरी आणल्यावर पाठ भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून गरम हवा निघायला जागा लागते. आणि जमिनीवर ठेवला तर आवाज पायाशीच जातो, लोक मग उगाच ट्रेबल वाढवत बसतात, तर स्टुलावर जरा मागं झुकवून कानाच्या दिशेनं ठेवा आणि मगच नॉबला हात लावा.