जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवा

वेबसाइटचा खर्च जाहिरातींतून निघतो की नाही, हे आधी कागदावर बघा. वर्षाच्या खर्चाला आरपीएमने, म्हणजे दर हजार पेज व्ह्यूजमागे मिळणाऱ्या रकमेने, भागा आणि हजाराने गुणा. वर्षाला किती पेज व्ह्यूज लागतील ते कळेल. डिसेंबरात चढलेले दर जानेवारीत हमखास उतरतात, म्हणून आरपीएम वर्षभराच्या सरासरीचाच धरा.

आकडा मोठा आला की जाहिराती वाढवायचा मोह होतो. तो आवरा. मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी व्यापू नये, असा 'कोएलिशन फॉर बेटर अॅड्स' या ऑनलाइन जाहिरातींचे निकष ठरवणाऱ्या संघटनेचा निकष आहे आणि क्रोम ब्राउझर तो गंभीरपणे घेतो.

त्यापेक्षा असलेल्या जाहिराती नीट बसवा. वाचक लिंकवर बोट टेकवणार, तेवढ्यात वर जाहिरात उघडते, मजकूर खाली सरकतो आणि बोट भलतीकडेच पडतं. असे चुकून झालेले क्लिक अवैध ठरले तर पैसे कापले जातात, प्रकार वाढला तर जाहिरातींचं खातंही बंद होऊ शकतं. वाचक चिडतो, ते वेगळंच! उपाय साधा आहे: जाहिरातीच्या डब्याला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, मिन-हाइट (किमान उंची) द्या, म्हणजे जागा आधीच राखली जाते. ३०० बाय २५० ची जाहिरात असेल तर निदान २५० पिक्सेल. मग गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनात सीएलएस, म्हणजे पानावरचा मजकूर किती सरकतो त्याचा आकडा, तपासा; तो ०.१ किंवा त्याहून कमी हवा.

आणि हो, तुमच्या जागा कोण विकू शकतं याची यादी असलेली अॅड्स डॉट टीएक्सटी (ads.txt) ही फाइल डोमेनच्या मुळाशी (रूट फोल्डरमध्ये) आहे ना, तेही बघा. ती चुकली तर जाहिरातीच्या जागेचे बरेच खरेदीदार बोलीच लावत नाहीत.