पाळी चुकल्यानंतरचे पहिले आठवडे: या चुका टाळा

पाळी चुकून जेमतेम पाच दिवस झाले होते. किटवर दुसरी रेघ उमटली होती, पण इतकी फिकट की खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली तरच दिसायची. त्याच संध्याकाळी मी सोनोग्राफीला पळाले. पडद्यावर काहीच नाही! "थोडं थांबून बघू" एवढंच ऐकून घरी आले आणि रात्रभर रडले. दोन आठवड्यांनी त्याच पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढा जीव होता आणि त्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकत होतं.

म्हणून सगळ्यात आधी घाईबद्दल सांगते. गर्भाची पिशवी साधारण पाचव्या आठवड्यात दिसते, ठोके सहाव्याच्या आसपास. पाळी उशिरा येणारी असेल, 35-40 दिवसांनी, तर हे सगळं आणखी पुढे जातं. पोटात दुखत नसेल, अंगावरून जात नसेल, तर पहिली सोनोग्राफी कधी करायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दुसरी चूक आठवडे मोजण्याची, आणि हिच्यापायी घरात नको ते घडतं. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे नियमित पाळी चुकते त्या दिवशी हिशेबाने चार आठवडे झालेले असतात, पण त्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ राहिलेलाच नसतो. नवरा कामाला परगावी, चार आठवड्यांपूर्वी घरी आलेला, आणि कागदावर "सहा आठवडे" लिहिलेलं. अशा वेळी सासरी चेहरे बदलतात. बायांनो, तो हिशेब बरोबरच आहे. डॉक्टरांना सगळ्यांसमोर समजावून सांगायला लावा.

किट सकाळच्या पहिल्या लघवीवर वापरा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच, बहुधा पाच मिनिटांत, निकाल बघा. अर्ध्या तासाने उमटलेल्या रेघेवर विश्वास ठेवू नका. वेळेत आलेली रेघ मात्र फिकट असली तरी रेघच. शंका असेल तर दोन दिवसांनी पुन्हा करा.

फॉलिक ॲसिड "डॉक्टरांनी लिहून दिल्यावर बघू" म्हणून लांबवू नका. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी याच हिशेबाने सहाव्या आठवड्यापर्यंत मिटते. अनेकींना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून मूल हवं असं ठरल्यापासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम घ्यायचं असतं. नसेल घेतलं तर आजपासून सुरू करा, सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. मधुमेह असेल, फिट्सच्या गोळ्या चालू असतील किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल, तर डोस वेगळा लागतो, तो डॉक्टरांना विचारा.

थायरॉईडच्या किंवा फिट्सच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. आणि डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी गोळी आणू नका. दिवस गेलेत हे दुकानदाराला स्पष्ट सांगा, लाजू नका.

मळमळीला रिकामं पोट सोसत नाही. उशाशी कुरमुरे किंवा टोस्ट ठेवा आणि अंथरुणातून उठण्याआधी दोन घास खा. पाणीही टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, तर मात्र हे "सगळ्यांनाच होतं" असं नाही. सलाईन लागू शकतं.

तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. शेजारीपाजारी नका सांगू, पण आशाताईला सांगा. नाव बारा आठवड्यांच्या आत नोंदवायचं असतं, तेव्हाच माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि तपासण्या सुरू होतात.

दुर्दैवाने गर्भ टिकला नाही तर "तू बादली उचललीस", "पपई खाल्लीस" असं तिला कुणीही म्हणू नये. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात होतो तो बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असल्यामुळे. ती नुसती पडून राहिली असती तरी तो थांबला नसता.

थोडासा लालसर डाग बऱ्याच जणींना लागतो आणि पुढे सगळं नीट होतं, तरी डॉक्टरांना कळवा, आपला रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा. पण एका बाजूला ओटीपोटात जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणं, यातलं काहीही झालं तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असू शकतो. आतल्या आत रक्तस्राव होतो, बाहेर दिसत नाही. सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी 108 ला फोन करा.