किट लेन्सनंतरची पहिली लेन्स कशी निवडावी

डीएसएलआर कॅमेरा घेऊन सहा-आठ महिने झाले, की पुढची लेन्स कोणती घ्यावी हा प्रश्न मनात घोळू लागतो. कॅमेऱ्याच्या खोक्यातून आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स, जिला आपण सगळेच किट लेन्स म्हणतो, एव्हाना अपुरी वाटू लागलेली असते. मात्र ती नेमकी कुठे अपुरी पडते हे विचारले, तर स्पष्ट उत्तर फार थोड्या जणांना देता येते. हे उत्तर दुकानात किंवा मित्रमंडळींच्या सल्ल्यात शोधण्याआधी स्वतःच्याच जुन्या छायाचित्रांत शोधावे, असे माझे मत आहे. ते मत एक लेन्स वाया घालवल्यावर बनलेले आहे, हेही आधीच कबूल करतो.

माझी पहिली खरेदी ७०-३०० मिलिमीटरची, हाताची थरथर सावरणारे स्टॅबिलायझेशन नसलेली स्वस्त टेलिफोटो (दूरचे जवळ आणणारी) लेन्स होती. राधानगरीच्या अभयारण्यात जाऊन गवे टिपायचे, एवढाच विचार त्यामागे होता. प्रत्यक्षात वर्षभरात राधानगरीला दोनदाच जाणे झाले. गवा एकदाच दिसला, तोही दिवस मावळताना, आणि छायाचित्रात तो काळसर ढिगाऱ्यासारखा उतरला. त्याच वर्षी घराजवळच्या कुस्तीच्या तालमीत मात्र मी पहाटे पंचवीस-तीस वेळा तरी गेलो असेन, आणि तिथे ती लेन्स पिशवीतून बाहेरही निघाली नाही. वर्षाअखेरीस कॉम्प्युटरवर सगळी छायाचित्रे एकत्र पाहिली, तेव्हा पैसे चुकीच्या जागी गेल्याचे लक्षात आले.

म्हणून पहिले काम असे करावे. आपल्याला मनापासून जमावीशी वाटत होती पण जमली नाहीत, अशी शंभर-दीडशे छायाचित्रे निवडावीत आणि प्रत्येकाची माहिती उघडून फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद किंवा किती दूरचे दाखवते, तो मिलिमीटरचा आकडा), शटर स्पीड (सेकंदाच्या कितव्या भागापर्यंत प्रकाश आत येतो), ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) व आयएसओ (अंधारात वाढवावी लागणारी सेन्सरची संवेदनशीलता) हे चार आकडे कागदावर उतरवावेत. कॅमेरा हे आकडे प्रत्येक फाइलमध्ये आपोआप नोंदवत असतो. बहुतेक छायाचित्रे १८ वरच काढलेली असतील आणि तरीही कोल्हापूरच्या भवानी मंडपाची कमान चौकटीबाहेर जात असेल, तर आपल्याला अधिक रुंद लेन्स हवी आहे. बहुतेक ५५ वर असतील आणि विषय तरीही लहान दिसत असेल, तर टेलिफोटो हवी आहे. आणि आयएसओच्या रकान्यात ३२०० व ६४०० हेच आकडे पुन्हापुन्हा येत असतील, शटर स्पीड १/३० किंवा १/१५ असेल आणि छायाचित्रे हललेली असतील, तर आपली अडचण अंतराची नसून प्रकाशाची आहे. माझ्या पाहण्यात नवशिक्यांपैकी बहुतेकांची अडचण हीच असते.

हललेले छायाचित्र दोन प्रकारचे असते आणि त्यांतला फरक ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नये. तालमीतले एक उदाहरण देतो. जाड भिंती, लहान खिडक्या, हौद्यावर, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यावर, एखादा दिवा. एक मल्ल मूठभर तांबडी माती उचलून समोरच्याच्या खांद्यावर टाकतो आहे. किट लेन्स ५० मिलिमीटरवर, ॲपर्चर एफ/५.६, आयएसओ ६४०० आणि शटर १/३०. मागचा खांब व भिंतीवरची हनुमानाची तसबीर बऱ्यापैकी स्पष्ट आली आहे, पण मल्लाचा हात मनगटापासून पुढे नुसता पुसट पट्टा झाला आहे. इथे छायाचित्रकाराचा हात हललेला नाही, विषय हललेला आहे. लेन्समधले स्टॅबिलायझेशन, म्हणजे कॅननचे आयएस किंवा निकॉनचे व्हीआर, फक्त आपल्या हाताची थरथर सावरते. मल्लाचा, नाचणाऱ्या मुलाचा किंवा ढोल बडवणाऱ्याचा हात ते थांबवू शकत नाही. त्यासाठी शटरच वेगवान हवे, आणि शटर वेगवान करायचे तर प्रकाश अधिक हवा.

हा अधिक प्रकाश मोठ्या ॲपर्चरमधून मिळतो. एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. किट लेन्स लांब टोकाला, म्हणजे ५५ वर, एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. एफ/१.८ ची लेन्स तिच्या तुलनेत सुमारे दहापट प्रकाश आत घेते, कारण प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि ५.६ भागिले १.८ या साधारण ३.१ चा वर्ग साडेनऊच्या वर जातो. वरचेच छायाचित्र एफ/२ वर काढले असते, तर त्याच आयएसओवर शटर १/२५० च्या आसपास मिळाले असते आणि बोटांच्या फटींतून गळणारी माती वेगळी दिसली असती. इतक्या कमी पैशांत इतका मोठा फरक पाडणारी दुसरी वस्तू छायाचित्रणात मला माहीत नाही. त्यामुळे आपला कागद प्रकाशाची तक्रार सांगत असेल, तर एफ/१.८ ची प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली एकाच फोकल लेंग्थची लेन्स, हीच पहिली खरेदी असावी.

आता प्रश्न उरतो तो कोणत्या फोकल लेंग्थचा, आणि इथे सरधोपट सल्ला बहुधा चुकतो. ‘फिफ्टी घे, डोळे झाकून घे’ असे सगळे सांगतात. हा सल्ला फिल्मच्या काळापासून चालत आला आहे. नवशिक्यांच्या डीएसएलआरमधला सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. निकॉनमध्ये दीडपट आणि कॅननमध्ये १.६ पट हिशेब धरावा लागतो, म्हणून ५० मिलिमीटरची लेन्स तिथे ७५ किंवा ८० मिलिमीटरच्या लेन्सइतकाच भाग दाखवते. दहा फुटांवरून पाहिले, तर ५० मिलिमीटरच्या आडव्या चौकटीत सुमारे साडेचार फूट रुंदीचा भाग मावतो, ३५ मध्ये साडेसहा फूट आणि २४ मध्ये नऊ फूट. शुक्रवार पेठेतल्या जुन्या घराच्या माजघरात बारशाची छायाचित्रे काढायची असतील, तर ५० घेऊन पाठ भिंतीला टेकते आणि आत्याबाई तरीही चौकटीबाहेर राहतात. याउलट, रंकाळ्यावर संध्याकाळी एकट्या माणसाचे छायाचित्र काढायचे असेल, मागचे पाणी व दिवे विरघळल्यासारखे दिसायला हवे असतील, तर ५० सारखी दुसरी लेन्स नाही.

हे ठरवण्याची बिनखर्चाची युक्ती किट लेन्समध्येच आहे. झूम रिंग ३५ च्या खुणेवर आणून तिच्यावर चिकटपट्टी लावावी आणि आठवडाभर सगळी छायाचित्रे तशीच काढावीत. पुढच्या आठवड्यात रिंग ५५ च्या किंचित अलीकडे आणून पुन्हा तेच करावे. दोन आठवड्यांत आपल्याला वारंवार मागे सरकावे लागले की पुढे जावे लागले, हे पायांनाच कळते. मी हा प्रयोग तालमीत केला. हौद्याच्या कडेवरून ३५ मध्ये दोन्ही मल्ल पायांपासून डोक्यापर्यंत मावत होते, तर ५० मध्ये चेहरे आणि पकड तेवढी मिळत होती. वस्तादांनी कडेपासून मागे उभे राहायला सांगितले, त्या दिवशी मात्र ५० उपयोगी पडली असती.

निकॉनच्या डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यांसाठी एएफ-एस ३५ मिलिमीटर एफ/१.८ जी ही २००९ साली आलेली, साधारण २०० ग्रॅम वजनाची लेन्स घर, गल्ली व सण या सगळ्यांसाठी मी पहिली शिफारस करीन. कॅननमध्ये या जागी तितकी स्वस्त व उजेडाची लेन्स नाही. तिथे २०१५ साली आलेली ईएफ ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम आणि ईएफ-एस २४ मिलिमीटर एफ/२.८ एसटीएम यांतून निवड करावी लागते. २४ वाली लेन्स पोळीसारखी चपटी आहे आणि रुंदी छान देते, मात्र एफ/२.८ म्हणजे एफ/१.८ च्या निम्म्याहूनही कमी प्रकाश. तालीम, पंचगंगा घाटावरचा त्रिपुरारी पौर्णिमेचा पहाटेचा दीपोत्सव किंवा मांडवातले कार्यक्रम हे आपले विषय असतील, तर कॅननवाल्यांनी ५० घेऊन चार पावले मागे सरकण्याची सवय करावी.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. खासबागेच्या आखाड्यातली कुस्ती दिवसाउजेडी प्रेक्षकांतून टिपायची असेल किंवा कळंबा तलावावरचे पक्षी हवे असतील, तर कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० एएफ-पी व्हीआर घ्यावी; स्टॅबिलायझेशन नसलेली स्वस्त आवृत्ती कोणी गळ्यात मारली तरी घेऊ नये. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला स्वर्गमंडप, त्याचे खांब आणि वरचे गोल आकाश हे एकाच चौकटीत हवे असेल, तर १०-१८ सारखी रुंद लेन्स लागते. पण अशी छायाचित्रे वर्षातून किती वेळा काढतो, हे आधी स्वतःला विचारावे. लग्नाची कामे घ्यायचा विचार असेल, तर सिग्मा किंवा टॅमरॉनची १७-५० एफ/२.८ ही किट लेन्सची खरी बढती आहे. सिग्माची लेन्स अर्ध्या किलोहून जड आहे, हे लक्षात ठेवावे. १८-२०० प्रकारच्या ‘सब कुछ एकात’ लेन्स प्रवासात सोयीच्या असतात, पण प्रकाशाची अडचण त्या मुळीच सोडवत नाहीत.

लेन्स ठरली तरी ती आपल्या कॅमेऱ्यावर चालते का, हे पाहणे वेगळे काम आहे. कॅननच्या नवशिक्यांच्या डीएसएलआरवर ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स चालतात. निकॉनमध्ये खरी गोम आहे. डी ३००० व डी ५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर बसतात, प्रकाशाचे मोजमापही बरोबर दाखवतात, पण ऑटोफोकस होत नाही. माझ्या एका स्नेह्याला जुन्या मालाच्या एका दुकानात ‘बसतीय की, बघा!’ म्हणून अशीच ५० मिलिमीटरची लेन्स देण्यात आली. ती बसत होती, हे खोटे नव्हते. निकॉनवाल्यांनी म्हणून लेन्सवर एएफ-एस (लेन्समध्येच मोटर असल्याची खूण) ही अक्षरे पाहून घ्यावीत. एएफ-पी लेन्स काही जुन्या कॅमेऱ्यांवर चालत नाहीत, त्यामुळे तीही चौकशी करावी. पुढेमागे मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, घ्यायचा विचार असला, तरी आजची खरेदी वाया जात नाही. कॅननच्या ईएफ लेन्स आरएफ कॅमेऱ्यांवर आणि निकॉनच्या एएफ-एस लेन्स झेड कॅमेऱ्यांवर ॲडॅप्टर लावून ऑटोफोकससह चालतात.

दुकानात आपला कॅमेरा आणि कार्ड घेऊनच जावे. लेन्स लावून सर्वांत मोठ्या ॲपर्चरवर, दीड-दोन मीटरवर तिरका ठेवलेला एखादा छापील कागद टिपावा. एकदा व्ह्यूफाइंडरमधून, एकदा लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, आणि दोन्ही वेळा मधल्या एकाच ओळीवर फोकस धरून. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळ्या सेन्सरवर ठरतो. लाइव्ह व्ह्यूत ती ओळ स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरमधून मात्र दर वेळी तिच्या पुढची किंवा मागची ओळ स्वच्छ येत असेल, तर दुसरा नग मागावा, कारण हा दोष दुरुस्त करण्याची सोय स्वस्त कॅमेऱ्यांत सहसा नसते. किट लेन्सच्या एफ/५.६ वर असे दोष झाकून जातात, एफ/१.८ वर ते उघडे पडतात. वापरलेली लेन्स घेत असाल, तर मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत पाडून पुढून पाहावे. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. किंमत कितीही कमी असो, ती लेन्स खाली ठेवावी. धुळीच्या दोन-चार कणांनी काही बिघडत नाही.

नव्या लेन्सच्या पहिल्या आठवड्यात बहुतेकांची निराशा होते, त्याचे कारणही सांगून ठेवतो. ५० मिलिमीटर, एफ/१.८ आणि दीड मीटर अंतर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीचा असतो. चेहरा किंचित वळलेला असला, तर एक डोळा लख्ख येतो आणि दुसरा कान पुसट होतो. माणूस बोलता बोलता जरा पुढे झुकला तरी फोकस निसटतो. सुरुवातीला एफ/२.५ ते एफ/२.८ वर काढावे, मधला एकच फोकस बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा, आणि प्रकाश अगदीच संपला तरच एफ/१.८ ला हात लावावा.

आपल्याकडे लेन्सचे खरे शत्रू दोन, गुलाल आणि पावसाळा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत किंवा विसर्जन मिरवणुकीत लेन्स बदलू नये. घरून लावून निघालेली लेन्स घरी येऊनच काढावी, आणि पुढे साधा यूव्ही फिल्टर असू द्यावा. गुलाल काचेवर पडला, तर कापडाने पुसण्याआधी रबरी ब्लोअरने उडवावा, कारण त्यातले कण कापडाखाली घासले जातात. जून ते सप्टेंबर कॅमेऱ्याची कापडी पिशवी कपाटात तशीच पडून राहिली, तर बुरशीला दुसरे काही लागत नाही. माझी ७०-३०० अशीच गेली. हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची एक-दोन पाकिटे आणि शक्य असल्यास आर्द्रता दाखवणारे लहान मीटर एवढी सोय पुरते. मीटरचा काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावा, जेलचा रंग बदलला की ते तापवून वाळवावे, आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरावी.