चिंचिला कसा पाळावा आणि प्रदर्शनात कसा उतरवावा

चिंचिला घरी आणण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर तयार असले पाहिजे. वर्षातल्या सर्वांत उकाड्याच्या दिवशी वीज गेली, तर आपण त्याला गारवा कसा देणार? पिंजरा, गवत, पाण्याची बाटली या गोष्टी चार दिवसांत जमवता येतात. हे उत्तर मात्र आधीच हाती असावे लागते, आणि ते नसेल तर हा प्राणी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मूळचा हा चिलीच्या अँडीज पर्वतातल्या कोरड्या, थंड, खडकाळ उतारांवरचा कृंतक, म्हणजे खारी-उंदरांसारखा कुरतडणारा प्राणी. त्याच्या एकेका केसमुळातून साठ-सत्तर तलम केस फुटतात, त्यामुळे थंडी त्याला शिवत नाही. पण त्याला घामही येत नाही आणि अंगातली ऊब त्या दाट लवेतून सहजासहजी बाहेर पडत नाही. आज घरोघरी दिसणाऱ्या पाळीव चिंचिलांचे बहुतेक पूर्वज मॅथायस चॅपमन या अमेरिकन खाण अभियंत्याने १९२३ साली चिलीहून कॅलिफोर्नियात नेलेल्या जेमतेम डझनभर प्राण्यांमधले आहेत. चॅपमनने त्यांना उंच डोंगरांवरून एकदम खाली आणले नाही. सवय होईल अशा बेताने हळूहळू उतरवले आणि जहाजावर बर्फ ठेवून गारवा राखला. शंभर वर्षांनंतरही पाळणाऱ्याचे पहिले काम तेच आहे.

गारव्याची व्यवस्था

खोलीचे तापमान १६ ते २१ अंश सेल्सियस असावे. ते २५ च्या वर गेले की धोका सुरू होतो, आणि हवा दमट असेल तर तो आणखी लवकर ओढवतो. अमेरिकेतले जुने पाळणारे एक सोपे गणित सांगतात: फॅरेनहाइटमधले तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १५० च्या आत राहिली पाहिजे. मुंबईत जूनच्या सुरुवातीला ३१ अंश सेल्सियस, म्हणजे सुमारे ८८ फॅरेनहाइट, आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर बेरीज १६८ होते. मात्र या गणितावर आंधळा विश्वास ठेवू नये. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश, म्हणजे १०० फॅरेनहाइट, आणि २० टक्के आर्द्रता असताना बेरीज १२० च येते, तरीही त्या खोलीतला चिंचिला उष्माघाताने मरू शकतो. म्हणून तापमानाची मर्यादा आधी आणि बेरीज नंतर पाहावी.

याचा अर्थ असा की महाराष्ट्रात हा प्राणी एसीशिवाय पाळता येत नाही, आणि एसीच्या जोडीला वीज गेल्यावर चालणारी सोयही हवी. कूलर उपयोगाचा नाही, कारण तो हवेतला ओलावा वाढवतो. पंखाही अपुरा पडतो. पंख्याने आपल्याला बरे वाटते ते घाम वाळतो म्हणून, आणि चिंचिलाला घामच नसतो. पिंजऱ्यात ग्रॅनाइटचा एक तुकडा जरूर ठेवावा. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी दगड कापून उरलेला वीतभर तुकडा त्यासाठी पुरतो. कडा घासून घेतल्या की चिंचिला त्यावर पोट टेकून निवांत पसरतो. कान लालबुंद होणे, प्राणी कुशीवर निपचित पडणे, तोंड उघडून श्वास घेणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याला तत्काळ गार खोलीत न्यावे, पाण्यात मुळीच बुडवू नये, आणि वाटेतही गारवा राखत पशुवैद्याकडे पोहोचावे.

प्राणी निवडणे

चिंचिला दहा ते वीस वर्षे जगतो, तेव्हा घेण्याचा निर्णय सर्व कुटुंबाने मिळून करावा. निरोगी प्राण्याचे डोळे कोरडे व तेजस्वी असतात, हनुवटीखालची लव ओली नसते आणि पुढचे दात पिवळसर-नारिंगी असतात. पांढरे दात आपल्याला स्वच्छ वाटतात, पण चिंचिलाच्या बाबतीत ते शंकेचे कारण समजावे. त्याचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात. हनुवटी ओली असेल तर लाळ गळत असावी, आणि लाळ गळत असेल तर दाढांची वाढ बिघडली असण्याची शक्यता मोठी असते. नर-मादी ओळखण्यात नवखे लोक हमखास चुकतात, कारण मादीच्या मूत्रमार्गाचा उंचवटा नराच्या लिंगासारखाच दिसतो. खरा फरक त्या उंचवट्यापासून गुदद्वारापर्यंतच्या अंतरात असतो: नरात मध्ये मोकळी जागा दिसते, मादीत दोन्ही अगदी लगत असतात.

भारतात राहणाऱ्यांनी कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नये. जंगली चिंचिला वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइटिस’ करारात सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे आणि पाळीव पैदास त्यातून वगळलेली आहे. म्हणूनच प्राणी पाळीव पैदाशीतला असल्याचा पुरावा विक्रेत्याकडून लेखी घ्यावा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून परदेशी प्राण्यांच्या नोंदणीकडे सरकार बारकाईने पाहते, तेव्हा खरेदीपूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी.

पिंजरा, गवत आणि धूळ

पिंजरा रुंदीपेक्षा उंचीला अधिक असावा, तो धातूच्या जाळीचा असावा आणि त्यात भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या फळ्या वेगवेगळ्या उंचीवर बसवाव्यात. प्लास्टिकचे काहीही आत ठेवू नये, कारण चिंचिला ते कुरतडतो आणि तुकडे पोटात अडकतात. देवदाराचा भुसा श्वसनाला बाधतो. धावण्याचे चाक द्यायचे तर ते भरीव पृष्ठभागाचे आणि किमान ३८ सेंटिमीटर व्यासाचे असावे. लहान चाकात पाठीचा कणा वाकतो.

आहार साधा आहे आणि तो साधाच राहू द्यावा. टिमोथी गवत पिंजऱ्यात अष्टौप्रहर असावे, त्याच्या जोडीला रोज एक-दोन टेबलस्पून साध्या पेलेट्स (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) आणि ताजे पाणी. बेदाणे, बदाम, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया कौतुकाने देऊ नयेत. आपल्याकडे पाहुण्याच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि तीच माया प्राण्यावर उतू जाते; पण त्याचे आतडे डोंगरावरच्या चरबरीत, निकस गवतासाठी घडलेले आहे आणि त्याला उलटी करता येत नाही. आहार बिघडला की आतड्याची हालचाल थांबते. लेंड्या लहान झाल्या किंवा बंद झाल्या, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहून ठेवावे. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण ४०० ते ७०० ग्रॅम भरतो, पण आकड्यापेक्षा त्यात होणारी घसरण महत्त्वाची असते. आजार डोळ्यांना दिसण्याआधी वहीत दिसतो.

चिंचिलाला पाण्याने अंघोळ घालत नाहीत. ज्वालामुखीच्या राखेची पिठासारखी बारीक धूळ एका जड भांड्यात दोन बोटे भरून, आठवड्यातून दोन ते चार वेळा दहा-पंधरा मिनिटे आत ठेवावी. वाळू चालत नाही. तिचे कण केस तोडतात. भांड्यात उतरल्यावर तो कुशीवरून कुशीवर इतक्या झपाट्याने लोळतो की क्षणभर फक्त राखाडी ढग दिसतो, आणि बाहेर आल्यावर लवेचा एकेक केस मोकळा झालेला असतो.

उचलताना एक हात पोटाखाली द्यावा आणि दुसऱ्याने शेपटीचे मूळ धरावे. अंगावरची लव कधीही मुठीत पकडू नये. शिकाऱ्याच्या तावडीतून निसटण्यासाठी चिंचिला पकडलेल्या जागेवरचे केस झटकन सोडून देतो. हातात पुंजका राहतो, अंगावर टक्कल पडते, आणि ते भरून यायला काही महिने लागतात.

प्रदर्शनाकडे जाताना

अशी प्रदर्शने मुख्यतः अमेरिका, ब्रिटन आणि युरोपात भरतात, आणि ती लव भरास आलेली असते त्या थंडीच्या महिन्यांत घेण्याकडे कल असतो. त्यांचे निकष मूळ फरच्या धंद्यातून आले आहेत, हे मान्य केले पाहिजे. त्याच धंद्याने जंगली चिंचिला नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आणला. तरीही घरगुती पाळणाऱ्याने प्रदर्शनात जावे असे मी सांगते, कारण आपला प्राणी खरोखर कसा आहे हे घरच्या दिव्याखाली कळत नाही.

पहिल्या वेळी प्राणी न नेता नुसते पाहायला जावे. रंग, लिंग आणि वय यांनुसार गट पाडलेले असतात. प्रत्येक प्राणी क्रमांकाच्या लहान जाळीदार पिंजऱ्यात असतो, मालकाचे नाव कुठेही नसते. गटातले पिंजरे पांढऱ्या नळदिव्यांखाली एका रांगेत मांडतात आणि परीक्षक प्राण्यांची एकमेकांशी तुलना करत पिंजरे सरकवत जातो. तो काय पाहतो ते समजून घ्यावे. राखाडी चिंचिलाच्या प्रत्येक केसाला तीन पट्टे असतात: मुळाशी गडद, मध्ये पांढरा, टोकाला काळा. परीक्षक लवेवर हलकी फुंकर मारतो. लव फुलासारखी उघडते आणि ते तिन्ही पट्टे दिसतात. मधला पांढरा पट्टा स्वच्छ हवा, एकूण रंगात निळसर झाक हवी, पोट शुभ्र हवे. पिवळसर छटा हा मोठा दोष आहे. लव इतकी दाट आणि ताठ असावी की फुंकर सरताच ती पुन्हा उभी राहील. बांधा रुंद, आखूड मानेचा, ठोकळ्यासारखा भरीव असावा.

तयारी प्रदर्शनाच्या दीड-दोन महिने आधी सुरू करावी. सोबत्याने लव कुरतडू नये म्हणून प्राण्याला वेगळा पिंजरा द्यावा, आणि पोटावर मूत्राचे डाग पडू नयेत म्हणून भुसा वरचेवर बदलावा. कमरेवरची लव फुंकून पाहावी. नवी लव अर्धवट वर आल्याची रेघ दिसत असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत पुढच्या प्रदर्शनाची वाट पाहणे शहाणपणाचे ठरते. धातूच्या बारीक फणीने कमरेपासून सुरुवात करून डोक्याच्या दिशेने, थोडी थोडी लव उचलत विंचरावे. फणी ओढू नये.

धुळीच्या बाबतीत माझ्याकडून झालेली चूक सांगते. पहिल्या प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे मी माझ्या नराला मनसोक्त धूळ दिली, कारण तो ताजातवाना दिसावा असे मला वाटत होते. टेबलावर परीक्षकाने फुंकर मारली आणि लवेतून धुरळा उठला. धुळीने रंगावर साय धरली होती, निळसर झाक दिसेना, आणि तो गटात शेवटचा आला. त्याचा रंग मुळात चांगला होता. मी तो झाकून टाकला होता. आता शेवटची धूळ एक-दोन दिवस आधी देते आणि नंतर फणीने लव पूर्ण मोकळी करते.

प्रवासात गाडी आधी गार करून मगच प्राणी आत ठेवावा, सोबत घरचेच गवत घ्यावे आणि बंद गाडीत त्याला पाच मिनिटेही एकटे सोडू नये. निकाल लागल्यावर लगेच निघू नये. बऱ्याच परीक्षकांना क्रम का लावला हे विचारले तर ते आनंदाने दाखवतात, आणि आपल्या प्राण्याच्या शेजारी पहिल्या क्रमांकाचा प्राणी ठेवून पाहण्याची ती एकमेव संधी असते.

पुढे पैदाशीचा विचार मनात आलाच तर दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. दातांचा दोष असलेल्या घराण्यातून पैदास करू नये, आणि व्हेल्व्हेटशी (पाठीवर गडद, मखमली लव असलेल्या रंगप्रकाराशी) व्हेल्व्हेट किंवा पांढऱ्याशी पांढरा अशी जोडी लावू नये, कारण दोन्हीकडून ते जनुक मिळालेला गर्भ जगत नाही.

घरी परतल्यावर त्या प्राण्याला दोन-तीन आठवडे इतरांपासून वेगळ्या खोलीत ठेवावे, त्याचे काम सर्वांत शेवटी करावे आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या पिंजऱ्याला हात लावू नये. पहिल्याच रात्री त्याचे वजन करून वहीत लिहावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे, आणि पहाटे भुशावर भरपूर, टपोऱ्या लेंड्या पडल्या आहेत ना ते पाहावे.