परसातल्या कोंबड्यांत लहान जातीची भर घालताना या चुका टाळा

इंदूरला सुदामानगर, लोकमान्यनगर भागात ज्यांच्या घरामागे अजून थोडी मोकळी जागा आहे, त्यांच्याकडे बहुधा तीन-चार वनराजा (मोठ्या अंगाची सुधारित जात) किंवा देशी कोंबड्या असतात. मग एखादीला मऊ पिसांच्या दोन सिल्की आवडतात, कुणाचा तरी भाचा बँटम या बुटक्या जातीची जोडी आणून देतो, आणि पंधरा दिवसांत तक्रार येते, ‘मोठ्या लहानींना जगू देत नाहीत हो.’ दोष मोठ्या कोंबड्यांचा नसतो. निवड करताना आपण फक्त आकार पाहिलेला असतो, स्वभाव नाही.

पहिली चूक म्हणजे सगळ्या लहान जाती एकसारख्या समजणे. बँटम कोंबडी जेमतेम अर्धा ते पाऊण किलोची, पण चपळ. अंगावर कुणी आलं की उडून भिंतीवर बसते. सिल्की तिच्याहून भारी असूनही जास्त अडचणीत येते, कारण तिच्या पिसांचे धागे एकमेकांत अडकत नाहीत. त्यामुळे तिला उडता येत नाही, पावसाचं पाणी अंगावरून निथळत नाही, आणि डोक्यावरचा झुबका डोळ्यांवर आल्याने बाजूने कोण येतंय ते दिसत नाही. आमच्याकडे दोन सिल्की ऐन आषाढात चार वनराजांबरोबर सोडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी एकीच्या डोक्याची कातडी रक्ताळलेली होती. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या पुन्हा पुन्हा तिथेच टोचतात. जखम धुऊन, सुकून, वर नवी पिसं येईपर्यंत तिला वेगळं ठेवावं लागलं. तेव्हापासून झुबका डोळ्यांपुरता कात्रीने कापते आणि पावसाळ्यात सिल्कींना पत्र्याखालीच ठेवते. मोठ्या, आक्रमक कोंबड्या आधीच असतील तर सिल्की आणू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

असीलच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. ती झुंजीची जात. असील कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसायला आणि पिल्लं सांभाळायला उत्तम, पण तिच्या शेजारी पाऊण किलोचा पक्षी नको.

मग आपल्या भागात काय जमतं? कडकनाथ. झाबुआ इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, हवा आपलीच, मे महिन्यातलं ऊन या कोंबड्या भारी जातींपेक्षा चांगलं सोसतात. मादी साधारण सव्वा ते दीड किलो, नर पावणेदोन-दोन किलो, म्हणजे वनराजापेक्षा लहान पण बँटमइतकी नाजूक नाही. स्वभाव बुजरा आणि सावध, चरायला हुशार. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि मागणी वाढली, तशी फसवणूकही वाढली. काळी पिसं म्हणजे कडकनाथ नव्हे. तुरा, चोच, जीभ, पायाची कातडी, सगळ्यांत काळसरपणा हवा. उलट सोनेरी किंवा पट्टेदार पिसांचा पक्षी अस्सल असू शकतो. अंडं मात्र काळं नसतं. फिकट तपकिरी, किंचित गुलाबी झाक असलेलं असतं. ‘काळी अंडी देणारी’ असं कुणी म्हणालं की तिथून उठा. आणि कडकनाथ कोंबडी उबवायला सहसा नीट बसत नाही, पिल्लं हवी असतील तर अंडी दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली ठेवा.

कोंबड्याची चूक सर्वांत महाग पडते. तीन किलोचा कोंबडा बँटम मादीवर चढला तर पाठीची पिसं जातात, नखांनी कातडी फाटते. लहान माद्या ठेवायच्या असतील तर कोंबडा लहान जातीचाच ठेवा, आठ-दहा माद्यांना एक पुरतो. बँटम कोंबडा बारीक पण फार तीक्ष्ण आरवतो, शेजारच्या काकूंना आधी विचारून घ्या.

नवीन पक्षी आणल्या आणल्या खुराड्यात सोडणं, ही चूक तर बहुतेक सगळेच करतात. किमान तीन आठवडे, जमलं तर महिनाभर वेगळं ठेवा, पाण्याचं भांडंही वेगळं. 2020 सरता सरता डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता, ते इंदूरकर विसरलेले नाहीत. म्हणून दाणा-पाणी कावळ्यांना पोचणार नाही असं झाकून ठेवा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली आहे का, हे विकणाऱ्याला विचारा, नसेल तर पशुवैद्याकडून करून घ्या.

त्यानंतर आठ-दहा दिवस मधे जाळी ठेवून दोन्ही गट एकमेकांना दिसू द्या. एकटी लहान कोंबडी कधीच सोडू नका, दोन-तीन एकदम सोडा आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) असतील तर पुरेशा वाढल्यावरच. दाण्याची, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडा. एकच भांडं असलं की मोठी त्यावर पहारा देते आणि लहान उपाशी राहते, हे आपल्याला तिची गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून पाहीपर्यंत कळतच नाही. आडोशाला एखादी फळी तिरकी टेकवा, जिच्याखाली फक्त लहान पक्षी शिरू शकतील.

खाद्याचं थोडक्यात: सगळ्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नका. त्यातलं जास्तीचं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. सगळ्यांना वाढीच्या वयाचं खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. ज्या अंडी देतात त्या तो आपणहून खातात.

जाळी वरूनही हवी. बँटम सहा फुटी भिंत सहज ओलांडते, शिवाय शिक्रा, मांजर, मुंगूस यांना लहान पक्षी आधी दिसतो.

एवढं करूनही एखादी मोठी छळतच राहिली, तर मार खाणारीला बाजूला काढू नका, मारणारीला चार-पाच दिवस नजरेआड ठेवा. परत येते तेव्हा तिची जागा दुसऱ्यांनी घेतलेली असते आणि ती बऱ्याचदा निवळते.